खाचांची चकती

वडगाव निंबाळकरात ते आमचे शेजारी. नोकरी पुण्याच्या प्रयोगशाळेत, गावी फक्त सुट्टीला यायचे. बोलताना मधेच इतके थांबायचे, की ऐकणारा कंटाळायचा.

एकदा त्यांनी खिशातून चिनीमातीची पांढरी चकती काढून माझ्या हातात दिली. तिच्यावर बारीक खाचा होत्या.

"जोरदार मायक्रोवेव्ह लहरी ह्यातनं जात्यात. चकती गुळगुळीत असली, की एक इलेक्ट्रॉन आपटून दोन उडवतो, दोनाचे चार हुत्यात, आन् शेवटी ठिणगी पडून चकती तडकती. खाचांत ते अडकत्यात. वाढायला जागाच न्हाय."

त्या उन्हाळ्यात पाटाच्या पाण्यावरून माझे दोन चुलते भिडले. एका शब्दाला दोन शब्द येत होते. थोरल्यानं खोरं उचललं. आमचे हे शेजारी मधे जाऊन उभे राहिले आणि सावकाश म्हणाले, "आबा, म्हस व्याली का?"

थोरला गोंधळला. "व्हय, परवाच."

मग धाकट्याकडं वळून, "तात्या, पोरीचा ताप उतरला का?"

उत्तरं देता देता दोघांचे आवाज खाली आले. खोरंही खाली आलं.

पाण्याच्या पुढच्या पाळीला ते पुण्यात होते. धाकट्या चुलत्याच्या दहाव्याला आले, तेव्हा आम्हा सगळ्यांकडं बघत त्यांनी एवढंच विचारलं, "मधी कोनच न्हवतं का?"