कानात सांगितलेलं नाव

सोमवार, ६ मे २०२४. ऊन कडक, वारा नाही. सकाळच्या जीपने साखरा. बरोबर पाळक प्रेमदास व अपर्णा. जळबाच्या अंगणात सुट्टीतली बायबल शाळा सुरू केली. मुलं गेल्या वर्षीपेक्षा जास्त. गोष्ट हरवलेल्या मेंढराची. लिंबाचं सरबत पुरलं. एका मुलीने सरांची चौकशी केली. मी म्हटलं, घरी आहेत. परत येताना जीप पंक्चर. रात्री ताकभात.

मार्थाबाई वाघमारे यांनी एवढं लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं. मग पुन्हा एकदा वाचलं. रत्नपाल वाघमारे, त्यांचे यजमान, आयुष्यभर सेनगावच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक, गेल्या ऑगस्टमध्येच वारले होते.

मार्थाबाई मूळच्या जालन्याच्या. वडील कंपाउंडर. त्यांनी मुलीला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात ठेवलं, तिथे एका सिस्टरने त्यांना रोजनिशीची सवय लावली. तारीख लिहायची, हवा लिहायची, झालेलं काम लिहायचं. खोडायचं नाही. मनात काय आलं ते लिहायचं नाही, ते देवाला सांगायचं. मार्थाबाईंनी हे सगळं तंतोतंत पाळलं, लग्न होऊन सेनगावला आल्यावरही, दोन लेकरं पुरली तेव्हाही. ऑगस्टपासून फक्त शेवटचं तेवढं बंद पडलं होतं. लिहायचं काम चालू होतं, सांगायचं राहिलं होतं.

पाळकांचं घर नव्या पाळकांना, प्रेमदास आणि त्यांची बायको अपर्णा यांना, रिकामं करून दिलं आणि त्या चर्चमागच्या दोन खोल्यांत राहायला गेल्या. मग कापणीचा सण आला, नाताळ आला, उपवासाचे दिवस, ईस्टर. त्यांनी पडदे शिवले, मुलांची गाणी बसवली, देवदूतांचे पंख चिकटवले. लोक म्हणत, बाई मोठ्या धीराच्या. धीराचा काही संबंध नव्हता. पायाला मुंग्या आल्या की तो पाय आपला वाटत नाही, पण त्याच्यावर उभं राहता येतं. तशा त्या उभ्या होत्या.

आणि मे महिना तर सगळा पळापळीचा. एप्रिल संपता संपता सेनगावची बायबल शाळा झाली, मग पुसेगावची, आता साखऱ्याची, आणि ही आटोपली की हिंगोलीला तरुणांचं शिबिर. रोज पहाटे लिंबं पिळायची, फळ्यावर चिकटवायची कापडी चित्रं इस्त्री करायची, बायबलमधलं वचन मोठ्या अक्षरात कार्डशीटवर लिहायचं. साखऱ्यात ख्रिस्ती घर एकच, जळबाचं. रस्त्याच्या गँगमधून रिटायर झालेला हा माणूस दर वर्षी अंगणात हिरवी शेडनेट बांधून ठेवायचा. येणारी मुलं बहुतेक शेतकऱ्यांची. घरी विचारल्याशिवाय एकाही मुलाने यायचं नाही, हा रत्नपाल सरांचा नियम होता, आणि नवं मूल आलं की ते स्वतः त्याच्या दारात जाऊन बसत.

त्यांनीच आणखी एक रीत पाडली होती. शेवटच्या दिवशी मंडळीतली थोरली माणसं सेनगावहून येत आणि एकेका मुलाच्या कानात आपलं नाव सांगत. त्या मुलाने वर्षभर त्या माणसासाठी प्रार्थना करायची, नाव कोणाला सांगायचं नाही, आणि पुढच्या वर्षी शेवटच्या दिवशी उभं राहून नाव फोडायचं, काय झालं ते सांगायचं. सखुबाई नावाच्या म्हातारीने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाली होती, "आमच्यात बारशाला आत्या सांगती कानात. ह्ये त्येच की."

थोरल्यांना ही गंमत वाटे. गावातली लेकरं, आठ दिवसांत विसरणार. एका पोराने तर उभं राहून सांगितलं होतं की त्याच्याकडे जळबा होता, पण त्याने प्रार्थना जळबाच्या म्हशीसाठी केली, कारण ती व्यायला आली होती. जळबा अजून ऐकवायचा, "माह्यापरीस म्हशीचंच भलं झालं."

सोमवारी सरबताच्या रांगेत सखुबाईची नात उभी होती, प्रतिक्षा. पाचवीतून सहावीत गेलेली, तेलाने चोपलेल्या दोन वेण्या. तिने पेला घेतला आणि विचारलं की सर कव्हा येनार. गेल्या वर्षी सरांचे पाय सुजले होते. आठवडाभर ते येऊ शकले नाहीत, शेवटच्या दिवशी तेवढे आले, आणि आठवडाभर विचारणाऱ्या प्रत्येक मुलाला मार्थाबाई सांगत होत्या की ते घरी आहेत, पाय दुखतो. तेच वाक्य या वर्षीही तोंडातून बाहेर पडलं. पुढच्या मुलाचा पेला भरूनही झाला.

"आजून दुखतो?" पोरीचं तोंड उतरलं. मग ती जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "सांगायचं न्हाई, पन माह्याकडं सरच हायेत. मी रोज करून राहिले."

मंगळवारी जीपमध्ये मार्थाबाईंनी प्रेमदासांना हे सांगितलं. प्रेमदास तिशीचे, मनाने चांगले. ते म्हणाले की चूक खरं तर त्यांचीच, पहिल्याच दिवशी मुलांना सांगायला हवं होतं, पण मार्थाबाईंसमोर विषय कसा काढावा म्हणून राहिलं. जळबालाही तसंच वाटलं असणार. सगळ्या नातलगांना, सगळ्या मंडळ्यांना कळवलं होतं. सरांचं नाव ज्या लेकराच्या कानात होतं त्याला कळवायचं कोणाच्याच डोक्यात आलं नाही. प्रार्थना करा म्हणून आपण सांगतो, आणि कोणी खरंच करत असेल असं आपल्यालाच वाटत नाही.

"आई, मी सांगतो तिला. देवाने सरांना कायमचं बरं केलं म्हणू. आता दुखणं नाही, काही नाही. प्रार्थना ऐकली म्हणू."

मार्थाबाईंनी स्वतः हेच कित्येक लेकरांना सांगितलं होतं. अपर्णाला हेच शिकवलं होतं. त्या बाहेर पाहत राहिल्या. बांधावर उपटलेल्या कापसाच्या पऱ्हाटीचे ढीग पडले होते.

"मी सांगते," त्या म्हणाल्या. "तुम्ही नका बोलू."

पण मंगळवारी एका मुलाच्या नाकाचा घोळणा फुटला, त्याचं डोकं भिजवण्यात दुपार झाली. बुधवारी प्रतिक्षाने एक बाटली आणली. करडईच्या तेलात लसूण आणि ओवा जाळून सखुबाईने ते केलं होतं, सरांच्या पायाला. मार्थाबाईंनी बाटली हातात घेतली. तेव्हा सांगता आलं असतं. पोरगी तोंडाकडे बघत होती. त्यांनी बाटली पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, "बरं." गुरुवारी पोरीने विचारलं, लावलं का. त्या म्हणाल्या की नंतर बोलू, आणि कागदी मुकुट कापायला बसल्या. शनिवारी, शेवटच्या दिवशी, ही पोरगी सगळ्यांसमोर उभी राहणार आणि सरांचं नाव घेऊन काय झालं ते सांगणार, हे त्यांना दिसत होतं. पण नुसतं दिसत होतं, लांबच्या शेतात काही तरी जळताना दिसावं तसं.

शुक्रवारी त्यांनी तिला पेले धुवायला म्हणून हापशावर नेलं. बाटली बरोबर घेतली होती. पोरगी हापसत होती, त्या खाली वाकून पेले विसळत होत्या.

"प्रतिक्षा, सर वारले."

दांडा वरच राहिला. पाणी थोडं येऊन थांबलं.

"कव्हा?"

"गेल्या पोळ्याच्या आधी."

"तुमी म्हनल्या घरी हायेत."

"म्हटलं. ते खोटं होतं. सोमवारी चुकून निघालं तोंडातून. पण तू तेल आणलंस तेव्हाही सांगितलं नाही, ते चुकून नव्हतं."

पोरीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती मनात काही तरी जुळवत होती. मग म्हणाली, "म्या दिवाळीत केली. संक्रांतीला केली. परवा केली. मंग ती कुठं गेली?"

याची उत्तरं मार्थाबाईंना पाठ होती, दोन-तीन तरी, वचनांसकट. त्या पेला हातात धरून बसल्या.

"मला माहीत नाही."

"तुमाला बी न्हाई?"

"नाही. आणि मी तर तेव्हापासून केलेलीच नाही. डोळे मिटते, शब्द म्हणते. तेवढंच."

पोरगी आता त्यांच्याकडे नीट पाहायला लागली, मोठं माणूस लहानाकडे पाहतं तशी.

"मंग आमाला काहून शिकवता?"

"येतं म्हणून."

प्रतिक्षाने दांडा सोडला, परकराला हात पुसले आणि ती घराकडे चालू लागली. पेले अर्धे तसेच राहिले. ते मार्थाबाईंनी स्वतःच हापसून धुतले.

दुपारी जीप निघायच्या आधी सखुबाई आली. ओरडली नाही. खाटेच्या कडेला टेकली, पदराने तोंड पुसलं आणि जळबाच्या बायकोने दिलेलं पाणी बाजूला सारलं. नातीने घरी जाऊन सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली की सर भले मानूस होते, दारात येऊन बसले होते, म्हनून लेकराला पाठवलं. रामकिशनला, पोरीच्या बापाला, अजून सांगितलेलं नाही, सांगितलं तर तो पुढच्या साली पाठवायचा नाही.

"मेलेल्या मानसाला तेल धाडलं मी. लेकराच्या हातानं. एवढ्या वर्साच्या तुमी, बाई."

मार्थाबाईंनी बाटली पुढे केली. सखुबाईने तिच्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

"आता ठिवा. तुमचे बी पाय दुखतच असतील की. आन् उद्या यायचं का न्हाई ते पोरगीच ठरवील. मी या म्हननार न्हाई, नको बी म्हननार न्हाई."

जीप निघाली. पुसेगाव मागे पडल्यावर प्रेमदासांनी विचारलं की उद्या नाव फोडायचा कार्यक्रम या वर्षापुरता वगळला तर चालेल का. इतर मुलंही तयारी करून येतील, असं मार्थाबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तिला जे बोलायचं ते बोलू द्या. नंतर सावरायला उठू नका."

शनिवारी सेनगावहून मंडळीची माणसं आली. मुलांनी मुकुट घातले, हातवारे करून गाणी म्हटली, वचनं म्हटली. प्रतिक्षा नव्हती. नावं फोडायला सुरुवात झाली. कोणाला नाव आठवलं नाही, कोणी दुसऱ्याचंच सांगितलं, एकाने सांगितलं की त्याच्याकडच्या आजोबांचा मोतीबिंदू निघाला, आणि ते आजोबा समोरच चष्मा काढून बसले होते. प्रत्येकाला टाळ्या पडत होत्या.

अर्ध्यावर सखुबाई नातीला घेऊन आली आणि शेडनेटच्या कडेला बसली. मुकुट उरला होता, अपर्णाने आणून दिला, पोरीने तो मांडीवर ठेवला. तिची पाळी आली तेव्हा प्रेमदासांनी नाव पुकारलं नाही. ती स्वतःच उठली.

"माह्याकडं रत्नपाल सर होते. पाय बरा व्हावा म्हनून म्या रोज केली. सर पोळ्याच्या आधीच वारले. मला काल कळलं. पन म्या केली, रोज. चुकवली न्हाई."

ती खाली बसली. मुलांनी टाळ्या वाजवल्या, प्रत्येकाला वाजवत होती तशाच. थोरली माणसं जागच्या जागी बसून राहिली. जळबाने मान खाली घातली. अपर्णाने वळून मार्थाबाईंकडे पाहिलं, आता त्या रडतील म्हणून ती जवळ सरकली. रडू आलं नाही. आपल्या माणसासाठी, तो गेल्यावरही, दिवाळीत आणि संक्रांतीला कोणी तरी हात जोडून बसलं होतं, आणि ते कोणी घरचं नव्हतं, एवढंच मार्थाबाईंच्या ध्यानात आलं. ते कुठे ठेवावं हे त्यांना कळेना. प्रेमदास उठू लागले होते, त्यांना मार्थाबाईंनी हाताने खाली बसवलं.

"राहू द्या. पुढचं मूल."

मग नवी नावं सांगायची वेळ झाली. थोरली माणसं मुलांमधून फिरू लागली, वाकून कानाला लागू लागली. मोतीबिंदूवाले आजोबा प्रतिक्षापाशी आले तेव्हा तिने कानावर हात ठेवला. "मला नको." आजोबा गोंधळले. अपर्णा समजवायला निघाली, तेवढ्यात सखुबाई म्हणाली, "नको म्हनती ना. झालं एक, तेवढं बस झालं लेकराला." कोणी आग्रह केला नाही. पोरगी सरबत पिऊन, मुकुट हातात घेऊन आजीबरोबर गेली. जाताना तिने मार्थाबाईंकडे एकदा पाहिलं. हसली नाही, पण तोंडही फिरवलं नाही.

शेवटची प्रार्थना नेहमी मार्थाबाई करत. रत्नपाल सर असतानाही ती त्यांच्याकडेच असे, कारण लहान मुलांना कळेल अशी त्या करत. सगळे डोळे मिटून थांबले. एका मुलाने एक डोळा उघडून पाहिलं.

"प्रेमदास, तुम्ही करा," मार्थाबाई म्हणाल्या. "मला आज नाही येत."

प्रेमदासांनी केली. परत जाताना त्यांनी विचारलं की हिंगोलीच्या शिबिराला त्या येणार ना. येईन, म्हणाल्या. भाजी निवडीन, वचनं लिहीन, मुलींच्या खोलीत झोपीन. प्रार्थना दुसऱ्या कोणाला तरी सांगा. जेव्हा येईल तेव्हा मीच सांगेन. प्रेमदासांना काही म्हणायचं होतं, पण अपर्णाने त्यांच्या हातावर हात ठेवला.

घरी येऊन मार्थाबाईंनी पाय धुतले आणि मेजाशी बसल्या. शनिवार, ११ मे. हवा तशीच. साखऱ्याची शाळा संपली. शेवटची प्रार्थना प्रेमदास यांनी केली. सोमवारी दुपारी हिंगोली. गॅस संपला, दुसरी टाकी लावली.