एडका आणि कमळाकरांचं चिलखत

कमळाकर चौतीस वर्षं अंबरनाथच्या एका कारखान्यात मिश्रधातूच्या भट्टीवर होते. निवृत्तीनंतर ते बायको द्रौपदीबरोबर कुळगावात राहायला आले, आणि पहिल्याच सकाळी दूध आणायला निघाले असता शेजारच्या धोंडिबाच्या एडक्याने त्यांना मागून धडक दिली.

"लाडात येतोय तो," धोंडिबा म्हणाला.

हे लाड आठवडाभर चालले. गल्लीतले लोक लांबून वळसा घालून जायचे. कमळाकर मात्र म्हणाले, "मी धातूतला माणूस. वळसा घालणार नाही, चिलखत घालीन."

उल्हासनगरच्या भंगारवाल्याकडून त्यांनी शुद्ध अॅल्युमिनियमचा पत्रा आणला, बसायच्या जागेच्या मापाने वाकवला आणि पट्ट्याने मागे बांधला. एका धडकेत पत्र्याला दोन खोल खळगे पडले.

"ह्यात इडल्या लावू का?" द्रौपदीने विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिचा बिडाचा तवा बांधला. तवा टणक, पण ठिसूळ. त्याचे तीन तुकडे झाले. त्या दिवशी घरात भाकरी झाली नाही.

रात्री नुसता भात जेवताना कमळाकर हळूच म्हणाले, "शुद्ध सोनं मऊ असतं ना? म्हणून तुझ्या बांगड्यांत तांबं घालतात. अॅल्युमिनियमचंही तसंच. थोडं तांबं, चिमूटभर मॅग्नेशियम, की वजन तेवढंच आणि ताकद कितीतरी जास्त."

"मग आधी तेच का नाही आणलंत? माझा तवा गेला!"

नवा तवा आला. त्याच पिशवीतून मिश्रधातूचा जाड पत्राही आला. आतून त्यांनी जुन्या गादीचा फोम चिकटवला. सकाळी गल्लीत एडक्याकडे पाठ करून ते ताठ उभे राहिले. एडका धावत आला.

ठण्ण!

पत्र्याला ओरखडासुद्धा नाही. कमळाकर मात्र उडून धोंडिबाच्या शेणाच्या ढिगात पालथे पडले.

"पोचा आला का बघ!" ते तिथूनच ओरडले.

"तुम्हाला की पत्र्याला?" द्रौपदी हसून हसून ओट्यावर बसली.

एडक्याला मात्र तो आवाज फारच आवडला. तो पुन्हा पत्र्यावर धावून आला, तसे कमळाकरांनी घाईघाईने पट्टा सोडला आणि पत्रा धोंडिबाच्या फाटकाला अडकवला. तेव्हापासून एडका माणसांकडे ढुंकूनही बघत नाही. दिवसभर फाटकाशी ठणठणाट करतो, आणि गल्लीतली मंडळी सरळ रस्त्याने जातात.

दर रविवारी कमळाकर पत्रा तपासायला जातात. ते मापं घेतात, वहीत लिहितात. तोवर एडका शेजारी शहाण्यासारखा उभा राहतो.