वाचणारा आणि बघणारा

छापखान्यात प्रुफे तपासायला दोन माणसे लागतात. एकजण मूळ मजकूर मोठ्याने वाचतो, दुसरा प्रुफावर बोट ठेवून अक्षरे बघतो. सन तीसनंतरच्या त्या वर्षांत, नाशिकच्या आमच्या छापखान्यात माझा जोडीदार वाचायचा आणि मी बघायचो.

आमची खोली तांबट आळीला लागून होती. दिवसभर पितळेवर हातोडे पडत आणि त्यांतून त्याचा आवाज चालू असे. सपाट, एकाच पट्टीत, विरामचिन्हांसकट. 'आमचे येथे श्रीकृपेकरून, स्वल्पविराम' अशी लग्नपत्रिका, त्याच सुरात मूळव्याधीचे औषध आणि त्याच सुरात कुणाच्या तरी मृत्यूची बातमी.

पंचवटीतल्या एका भिक्षुकबुवांनी स्वतः रचलेली स्तोत्रे छापायला दिली होती. ते एकदा येऊन ऐकत बसले आणि भडकले.

"अहो, ही देवाची स्तुती आहे, वाण्याची यादी नव्हे!"

"बुवा, भक्तीनं वाचलं तर चुका तशाच राहतील," तो म्हणाला. "हा समोर बसलाय ना आमचा शास्त्रीबुवा, ह्याला अर्थ कळला की ह्याची अक्षरांवरची नजर सुटते."

शास्त्रीबुवा म्हणजे मी. त्याचे म्हणणे खरे होते. मला पुस्तकांचा नाद. मजकुरात मन शिरले की अक्षरे दिसेनाशी होत. म्हणून तो अर्थ माझ्यापर्यंत पोचूच देत नसे. बुवा गेल्यावर डबे उघडले, तेव्हा त्याने तीच स्तोत्रे हातवारे करून, डोळे मिटून म्हटली. मला ठसका लागला, तर पाठीवर थापट्या मारत म्हणाला, "बघ, आता भक्ती बाधली."

एका रविवारी सकाळी तो नदीवरून आंघोळ करून घरी आला, छातीत कळ येते म्हणाला आणि डॉक्टर यायच्या आत गेला. चाळिशीही झाली नव्हती. निरोप आला तेव्हा मी वाचत बसलो होतो. पानात खूण घालून उठलो. दुपारी गोदावरीच्या काठी इतरांबरोबर उभा राहिलो. लोक रडत होते ते मला दिसत होते. त्याच्या थोरल्या भावाने माझा हात घट्ट धरला होता, तो दुखत होता, हेही समजत होते. त्यापुढे काही होत नव्हते.

दुसऱ्या दिवशी कामावर गेलो. मालकांनी त्याच्या जागी एक पेन्शनीतले मास्तर आणले होते. भला माणूस. आवाज गोड, वाचन उत्तम. नोटिशीसुद्धा ते अशा वाचत की ऐकत राहावे. मी ऐकत राहिलो. दोन दिवसांनी छापायला गेलेल्या पानांवर मालकांनी लाल खुणा करून ती माझ्यापुढे ठेवली.

"एवढ्या चुका तुमच्या नजरेतून सुटल्या?"

"हो."

"तुमच्या मनाचं मी समजू शकतो. पण गिऱ्हाईक समजून घेणार नाही. जमत नसेल तर तसं सांगा, मी दुसरी जोडी बघतो."

घरी दुसरे मिळवते कोणी नव्हते आणि दुसरे काम मला येत नव्हते. शिवाय ते टेबल सोडून कुठे बसायचे, हेही मला सुचेना.

"मी वाचतो," मी म्हणालो. "मास्तर बघतील."

"तुम्ही? तुमचा आवाज ह्या टेबलापलीकडे जात नाही."

"टेबलापलीकडे न्यायचा कुठे आहे?"

मालकांनी खिशातून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. "तर मग हे आधी घ्या. ह्याच अंकात जायचंय."

आमच्याकडे एक साप्ताहिक छापले जाई. त्यात त्याच्या मृत्यूची बातमी द्यायची होती. मालकांनी ती स्वतः लिहिली होती आणि जुळाऱ्याने शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून तिचे प्रूफही काढले होते. मी त्याच्या खुर्चीवर बसलो, मास्तर माझ्या. मी सुरुवात केली. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की, स्वल्पविराम, आमच्या छापखान्यातील जुने सहकारी.' मग त्याचे संपूर्ण नाव आले. 'सुस्वभावी, स्वल्पविराम, कर्तव्यदक्ष.' हे शब्द आम्ही कितीजणांसाठी तपासले होते. 'त्यांच्या मागे पत्नी, स्वल्पविराम, दोन मुली.'

"थांबा," मास्तर म्हणाले. त्यांनी चष्मा काढला होता आणि उपरण्याने डोळे पुसत होते. "अक्षरं दिसत नाहीत मला."

"पहिल्यापासून घेऊ."

पुन्हा वाचले. पत्नीपाशी येऊन ते पुन्हा थांबले.

"तुम्ही कसं हो वाचू शकता?" त्यांनी विचारले. विचारण्यात राग नव्हता.

मी वाचत होतो ते कुणाबद्दल आहे हे ठाऊक होते, पण ते शब्द माझ्या तोंडून जात होते आणि मला लागत नव्हते. तो रोज असाच वाचत असे की काय, कोण जाणे.

"आणखी सावकाश वाचतो," मी म्हणालो. "तुम्ही ऐकू नका. नुसतं बघा."

तिसऱ्या खेपेला आम्ही शेवटच्या पूर्णविरामापर्यंत पोचलो. मास्तरांनी कोपऱ्यात सही केली. पुढचा कागद विंचूरच्या बाजारभावांचा होता. मी वाचू लागलो. मास्तरांची मान खाली होती, बोट ओळीवरून सरकत होते. एका जागी ते थांबले, त्यांनी पेन्सिलीने खूण केली आणि म्हणाले, "चालू द्या."

मी चालू ठेवले.