दारूचं बालंट
आमच्या ह्यांनी तीस वर्षं इकडे उत्तरेत, मानक नगरातल्या रेल्वेच्या संशोधन कार्यालयात, रुळांमधले बारीक तडे शोधले. घरातला मात्र झाकून ठेवला. आता रिटायर झालेत, तरी ऐट साहेबाचीच.

धाकटे दीर, श्रीपाद भावजी, चाळिशीतच झोकांड्या खायला लागले. जीभही जड झाली. सासऱ्यांचंही असंच झालं होतं. भावजींचं हे सुरू झालं, बारा वर्षांपूर्वी, तेव्हा आमच्या मुलाचं, प्रसादचं, लग्न जमायचं होतं. ह्यांनी मराठी मंडळात सरळ सांगून टाकलं, "श्रीपाद पितो." का? तर दारुड्याला लोक चार दिवस नावं ठेवतात, पण रक्तातला रोग कळला की घराण्याशी सोयरीक कोणी करत नाही. भावजी कधी थेंबाला शिवले नाहीत हो! गणपतीत ते आले की लोक बाजूला सरकायचे, आणि हे सगळ्यांत मोठ्याने आरती म्हणायचे. शी! मीही गप्प बसले, त्याची लाज वाटते.

भावजींची मुलगी स्वरदा त्यांना हॉस्पिटलात घेऊन गेली. हे मोठेपणा मिरवायला सोबत. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "शराब?" ह्यांनी ठोकून दिलं, "बहुत." स्वरदा नाही म्हणाली, पण बाईंनी मोठ्यांचं ऐकलं आणि दारू सोडा म्हणून लिहून दिलं. दोन वर्षं फुकट गेली.

स्वरदाने शेवटी हॉस्पिटलातली ही गोष्ट मला सांगितली तेव्हा मी उठले, रिक्षा केली आणि बाईंना खरं ते सांगून आले. त्यांनी दोघा भावांचं रक्त मागितलं. आजारी भाऊ आणि धडधाकट भाऊ ताडून पाहिले, की रोग कुठल्या बदलाने येतो ते कळतं म्हणे. हे महिनाभर नाही म्हणत राहिले. स्वयंपाक बंद केला, तेव्हा कुठे हात पुढे आला.

निकाल आला. भावजींच्या एका जीनमध्ये तीच तीन अक्षरं प्रमाणाबाहेर पुन्हापुन्हा आलेली, ह्यांच्यात तशी नाहीत. वडिलांकडून आलेलं दुखणं. स्वरदालाही ते असण्याची शक्यता निम्मी.

आणि ह्यांनी काय करावं? आपण सुटलो म्हणून पेढे आणले! भावाच्या घरीसुद्धा नेले.

भावजी अडखळत म्हणाले, "दादा, आता तरी लोकांना सांग. मी पीत नव्हतो."

"आता कशाला? स्वरदाचं लग्न व्हायचंय."

"काका, मेरी शादी छोड़िए," स्वरदा म्हणाली. "पापा की बात सुनिए."

हे पेढा चघळत बसले. मी तिथेच मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं: श्रीपाद कधीच प्यायले नाहीत, त्यांना घराण्यातला आजार आहे, दारूची थाप माझ्या नवऱ्याची. भावजींना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली. स्वरदाने फोन घेतला आणि स्वतःच पाठवलं.

"अगं, मंडळात तोंड कसं दाखवू मी आता?" हे किंचाळले.

"भावजींना विचारा," मी म्हटलं. "बारा वर्षं दाखवतायत ते."