फाटकापुढची रडारड

रिछाई औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना बंद पडला, त्यावर मी माहितीपट केला होता. बाबा तिथेच फिटर होते. तीन दिवस त्यांच्यासमोर कॅमेरा ठेवून मी विचारत राहिलो, शेवटच्या दिवशी काय झालं? ते एवढंच म्हणाले, "काय होणार? फाटकाला कुलूप लागलं, घरी आलो." तेवढंच मी ठेवलं. संगीत नाही, अश्रू नाहीत. जाणकारांनी वाखाणलं. बाबा मात्र बघता बघता पेंगले.

मग त्याच कारखान्यावर माझ्या मैत्रिणीने कथापट काढला. आम्ही दोघं एकाच हौशी नाटकमंडळीतले. सिव्हिल लाइन्समधल्या एका सभागृहात दुपारचा खेळ होता, बाबांनाही घेऊन गेलो. पडद्यावर कामगाराची म्हातारी आई बंद फाटकावर डोकं आपटत होती, मागे सनई, आणि मालक गाडीची काच हळूहळू वर करत होता. राजकारण सांगायचं तर असं? मनातल्या मनात मी एकेक क्लृप्ती मोजत होतो. "किती रडारड," मी बाबांच्या कानात म्हणालो. वळून पाहिलं, तर ते बाहीने डोळे पुसत होते.

खेळ संपल्यावर ते थेट तिच्याकडे गेले.

"बेटा, असंच झालं होतं. फक्त आई नव्हती, मी होतो. मालकाच्या पाया पडलो मी. सगळ्यांसमोर."

तिने त्यांचे दोन्ही हात धरले. "काका, बसा न इथं," म्हणाली आणि स्वतःही रडायला लागली. मी त्यांची पाण्याची बाटली घेऊन बाजूला उभा. तिला मिळालेल्या टाळ्या मी पचवल्या असत्या. पण ते वाक्य माझं होतं, माझ्या बापाचं होतं, आणि ते तिला मिळालं.

स्कूटरवर मी विचारलंच, "मला काहून नाही सांगितलं?"

"तू कॅमेरा ठेवून पुसत होता तेव्हा लाज वाटे," बाबा म्हणाले. "तिथं अंधारात सगळेच रडून राहिले होते."

आठ दिवस मी तिचं साधं अभिनंदनही केलं नाही. शेवटी तिचाच फोन आला. काकांची गोष्ट पुढच्या सिनेमात घेतली तर चालेल का, असं विचारत होती. मी तुटकपणे म्हणालो, त्यांनाच विचार.

"विचारलं," ती म्हणाली. "ते हो म्हणाले. तुला वाईट वाटू नये म्हणून फोन केला."

मी म्हणालो, मला कशाला वाईट वाटेल.