मागणी क्रमांक तीन

"परस्पर संमतीने" हे शब्द ज्याने पहिल्यांदा एकत्र आणले, तो माणूस एकदा मला भेटायला हवा.

आमच्या फुटबॉल क्लबने आमच्या कोचला काढलं तेव्हा क्लबच्या पानावर चार ओळी आल्या आणि खाली जोडलेले हात. क्लब आणि मुख्य प्रशिक्षक परस्पर संमतीने वेगळे होत आहेत, आभार, शुभेच्छा. सगळं गुळगुळीत इंग्रजीत. मी बेंगळुरूत, बसवनगुडीतल्या एका छापखान्यात डीटीपी करते. एका लग्नपत्रिकेचं प्रूफ बघता बघता ते वाचलं आणि नवरदेवाच्या वडिलांचं नाव दोनदा छापलं गेलं. लागोपाठ दोन वर्षं शहराची लीग जिंकून दिलेला माणूस! आणि संमती कसली? आदल्या संध्याकाळी यशवंतपूरच्या मैदानावर तो पोरांना कॉर्नर कसा अडवायचा ते दाखवत होता, रविवारच्या सामन्यासाठी. संमती देऊन बसलेला माणूस रविवारची तयारी करतो का?

आमच्या या कोचना सगळे अण्णा म्हणतात. घर मराठी, पण तीन पिढ्या बेंगळुरूत गेलेल्या, त्यामुळे वाक्य मराठीत सुरू होतं आणि कन्नडमध्ये संपतं. एका सरकारी कारखान्याच्या संघातून खेळले, तिथूनच निवृत्त झाले. मी निपाणीकडची, म्हणजे दोन्ही भाषांच्या उंबऱ्यावरच वाढलेली. मैदानावर गेले त्या पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, तू कुणाकडून? मी म्हटलं, कुणाकडून नाही, ओरडायला आलेय. पुढे समर्थकांची पत्रकं मी लिहायला लागले आणि त्यांच्यासाठी 'पत्रकवाली अक्का' झाले. वयाने त्यांच्या मुलीएवढी, तरी अक्काच.

आमचे खेळाडू पगारी नाहीत. कुणी मार्केट यार्डात कांद्याची पोती उचलतो, कुणी पार्सलं पोचवतो, कुणी कारखान्यात पाळी करतो. अण्णांच्या खिशात एक वही असायची. तिच्यात डावपेच नव्हते, पाळ्या होत्या. दर गुरुवारी एकेकाला फोन करून ते विचारायचे, या आठवड्यात ड्यूटी कधी, झोप किती, सुपरवायझर कोण. सुपरवायझर आडमुठा असेल तर स्वतः जाऊन रविवारची सुटी मागून आणायचे. संघ त्या वहीतून निघायचा. रात्रपाळी करून आलेल्याला पहिल्या अर्ध्यात उतरवायचं नाही, हा त्यांचा नियम. "पाय येतात, डोळे येत नाहीत," म्हणायचे. समोरच्या संघांना वाटायचं, हे आपला हुकमी स्ट्रायकर मुद्दाम राखून ठेवतात, यात काहीतरी डाव आहे. डाव कसला? मध्यांतरापर्यंत तो बाकावर झोपलेला असायचा. मग तोंडावर पाणी मारून उतरायचा आणि दमलेल्या बचावाला फाडायचा. दोन लीगा आम्ही अशा जिंकल्या.

मग क्लबला नवे मालक आले. ऑफिस एचएसआर लेआउटमध्ये, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या पॉश वस्तीत. त्यांना सराव सकाळी दहाला हवा होता, कारण दहाच्या उन्हात व्हिडिओ चांगले येतात. अण्णा म्हणाले, दहाला पोरं कामावर असतात. पुन्हा सांगितलं तर पुन्हा तेच म्हणाले. काढण्याचं कारण एवढंच. दुसरं कुणी काही सांगितलं तर ते खोटं आहे.

पण सांगितलं त्यांनी दुसरंच.

आम्ही तिघं समर्थक त्या ऑफिसात गेलो. मी तयारीत गेले होते, मुद्दे पाठ होते. क्लबचा कारभार बघणारा तरुण पुण्याचा निघाला. माझं मराठी ऐकून त्याचा चेहराच उजळला. कॉफी मागवली. मग म्हणाला, "हे बघ, आपण मराठी माणसं, ओपनली बोलू. पर्सनल काही नाहीये. कोचकडे लायसन्स नाही. क्लबच्या नियमात आहे, लायसन्सशिवाय कोच नाही."

मी म्हटलं, असला नियम कुणी केला?

त्याने एक प्लास्टिकचं फोल्डर माझ्यासमोर सरकवलं. आत एक पत्रक होतं. एका पानाचं, पाठपोट, पिवळ्या कागदावर. तो कागद मी ओळखला, कारण आमच्या छापखान्यातला उरलेला गठ्ठा होता तो.

"तूच लिहिलंयस ना? मागणी क्रमांक तीन. आम्ही फक्त इम्प्लिमेंट केली."

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हाच्या मालकाने स्वतःच्या मेहुण्याला कोच केलं होतं. हा मेहुणा गाडीत एसी लावून बसायचा आणि काच खाली करून सूचना द्यायचा. अण्णा तेव्हा गोलकीपरना शिकवायचे, बिनबोभाट. आम्ही समर्थक पेटलो आणि पत्रक लिहायचं माझ्याकडे आलं. मी कामगार संघटनेत पत्रकं लिहायला शिकलेय. तिथे पहिला धडा असा, की मागणी अशी लिहायची की नाही म्हणताना समोरच्याला लाज वाटली पाहिजे. 'मेहुण्याला हाकला' असं लिहिलं तर ते भांडण दिसतं. 'प्रशिक्षक परवानाधारकच असावा' असं लिहिलं की ते तत्त्व दिसतं. मेहुण्याकडे लायसन्स नव्हतं, हे मला ठाऊक होतं. अण्णांकडेही नव्हतं, हेही ठाऊक होतं. पण अण्णा तेव्हा कोच कुठे होते?

मालक नमला. नियम झाला, मेहुणा गेला. अण्णांना 'तात्पुरतं' बसवलं, आणि लीग जिंकल्यावर तात्पुरतं कोण विचारतं? लायसन्सच्या कोर्सचा फॉर्म एकदा मीच भरला होता. कोर्स पूर्ण दिवसाचा, इंग्रजीत, लॅपटॉप घेऊन. नेमका त्याच आठवड्यात उपांत्य सामना आला. अण्णा म्हणाले, पुढच्या खेपेला. मीही म्हटलं, पुढच्या खेपेला. आणि तो नियम तसाच फोल्डरमध्ये पडून राहिला, मी निवडलेल्या फाँटासकट.

एचएसआरहून यशवंतपूरला अण्णांच्या घरी जायला दोन बस लागतात. दोन्ही बसमध्ये मी त्या पुणेकराला मनात शिव्या घातल्या, आणि दुसरी उतरेपर्यंत त्या माझ्याकडे वळल्या होत्या.

अण्णा दारात बसून अवरेकाई, म्हणजे पावट्याच्या शेंगा सोलत होते. माझ्यापुढेही मूठभर टाकल्या. मी सोलत सोलत सांगून टाकलं, ती तिसरी मागणी माझी होती.

"ठाऊक आहे गं," ते म्हणाले. "लायसन्स म्हणजे काय, ते तू मलाच तर विचारायला आली होतीस."

हे मी विसरून गेले होते. साफ.

"तुम्हाला मेहुणा नको होता. मग मेहुणा नको, असं लिहायचं. लायसन्स कशाला मधे आणलंस?"

मी म्हटलं, तसं लिहिलं असतं तर कुणी ऐकलं नसतं. ते म्हणाले, नसतं ऐकलं. स्वल्प शिव्या बसल्या असत्या, सरी, चालतं. पण उद्या तो कागद कुणाच्या कामाला आला नसता.

मी विषय बदलला. सांगितलं की रविवारी आम्ही फाटकावर बसणार, सामना होऊ देणार नाही. तेव्हा मात्र त्यांनी शेंगा बाजूला ठेवल्या. पोरं खेळणार, म्हणाले. एकेकाने ही सुटी कशी मिळवलीय, ते तुला माहीत नाही. मग आतून वही आणली आणि माझ्या हातात दिली.

"नव्या कोचला दे. भांडण तुझं आहे, वही पोरांची."

ती वही दोन दिवस माझ्या पिशवीत होती, आणि खरं सांगते, ती देऊ नये असंच मला वाटत होतं. हरू देत. आपटू देत तोंडावर. मग कळेल एचएसआरला. पण हरणार कोण होतं? व्हिडिओ काढणारे नव्हे. पोती उचलणारे.

रविवारी सकाळी वही घेऊन बाकाजवळ गेले. नवा कोच परगावचा, सभ्य, लायसन्सवाला. वही कन्नडमध्ये, म्हणून मी हिंदीत समजावलं. आमच्या स्ट्रायकरच्या नावाभोवती अण्णांनी गोल केला होता, आठवडाभर रात्रपाळी. याला मध्यांतरानंतरच घ्या. तो थँक यू म्हणाला, वही लॅपटॉपच्या बॅगेत सरकवली, आणि सांगितलं की खेळाडूंचा सगळा डेटा त्याच्याकडे आहे.

मग मी फाटकावर गेले, अडवायला नाही, पत्रकं वाटायला. पत्रकाचं काम रात्रीच उरकलं होतं. वर कन्नड, खाली इंग्रजी. मराठी कुठेच नव्हतं, चीड तेवढी मराठीत आलेली. "मागणी क्रमांक तीन माझी होती. ती खोटी होती. आम्हाला मालकाचा मेहुणा नको होता आणि ते लिहायची हिंमत मला झाली नाही. ती मागणी मी मागे घेते. अण्णांना परत आणा." आमच्या पत्रकांखाली नेहमी 'समर्थक' एवढंच असतं. या वेळी मी माझं नाव घातलं. काहींनी वाचून माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच अण्णांना काढलं होतं. बघू देत. पुणेकरानेही एक घेतलं, उभ्याउभ्या वाचलं, नीट घडी घालून खिशात ठेवलं.

स्ट्रायकरला पहिल्या मिनिटापासून उतरवलं. अर्ध्या तासात तो गुडघ्यांवर हात ठेवून वाकायला लागला. रिकाम्या गोलसमोर चेंडू त्याच्याकडे आला आणि त्याचा पाय उशिरा पडला. एरवी तो चेंडू त्याने डोळे मिटूनही आत मारला असता, पण आज डोळे खरोखरच मिटत होते. सामना बरोबरीत सुटला. क्लबच्या पानावर आलं, 'मोलाचा एक गुण'.

अण्णा मैदानावर आले नव्हते. सामना संपल्यावर फोन आला. निकाल विचारला नाही.

"त्याला पहिल्यापासून घेतलं काय?"

"हो."

"वही दिलीस ना?"

"दिली, अण्णा. बॅगेत आहे त्याच्या."

बाकावर स्ट्रायकर बूट न काढताच बसल्या जागी झोपला होता. मी ते सांगितलं.

"उठवू नका त्याला," म्हणाले, आणि फोन ठेवला.

माझ्या हातात पत्रकांचा जाड गठ्ठा उरला होता. फाटकातून अजून माणसं बाहेर पडत होती. मी पुन्हा तिथे जाऊन उभी राहिले.