चौकशीकाकांचं हरीण

चौकशीकाकांच्या घरी सोफा नव्हता. हवल्लीतल्या आमच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर काका-काकू मी कुवेतला येण्याच्या कितीतरी आधीपासून राहत होते. घरात कपाटं होती, काचेच्या शोकेसमध्ये कधीही न वापरलेला डिनरसेट होता, पण बसायला सतरंजी. नवा पाहुणा दारात थबकून इकडेतिकडे बघायला लागला की काका गंभीरपणे सांगायचे, "सोफ्याची चौकशी चालू आहे." पाहुण्याला वाटायचं, सोफा चोरीला गेलाय.

त्यांचं खरं आडनाव मला माहीत होतं, पण ते कुणी घेत नसे. कुवेतमधल्या समस्त मराठी मंडळींत ते चौकशीकाकाच. "घाई काय आहे? आधी चौकशी तर होऊ दे," हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणत की खालचा मल्याळी बकालावाला, म्हणजे किराणावालाही, त्यांना बघून "चौगशी, चौगशी" करायचा. काका वांगी निवडायला आले की तो त्यांना स्टूल द्यायचा. मिक्सर घ्यायचा होता तेव्हा काकांनी ओळखीच्या प्रत्येक घरी फोन करून त्यांचा मिक्सर कसा वाजतो ते ऐकलं. मी ड्यूटीवरून दमून आले होते, तरी मला भांडं लावून, फोन मिक्सरजवळ धरून उभं राहावं लागलं. पलीकडून काका म्हणाले, "हं. आता जरा शेंगदाणे घालून."

आम्ही एकाच हॉस्पिटलमध्ये होतो. मी वॉर्डात नर्स, ते एक्स-रे विभागात टेक्निशियन. तिथं मात्र त्यांना चौकशीची सवड नसायची. पेशंटला उभं करायचं, खांदे सरळ करायचे आणि काचेमागे जाऊन मोठ्यांदा म्हणायचं, "खुद नफस! ला तितहर्रक!" म्हणजे श्वास घ्या, हलू नका. मग बटण. मग "तनफ्फस", सोडा श्वास. आयुष्यभर काका दिवसातून असंख्य वेळा हेच बोलत आले होते आणि घरीही त्यांच्या तोंडून ते सुटायचं. त्यांची एकुलती एक लेक केतकी लहान असताना लिफ्टला घाबरायची. मग काका लिफ्टचं दार लागताच "खुद नफस!" म्हणायचे, ती गाल फुगवून श्वास धरायची आणि तिसरा मजला आला की काका "तनफ्फस" म्हणायचे. एकदा लिफ्टमध्ये कुणी तरी भेटलं आणि काका त्याच्याकडे पडद्याच्या कापडाची चौकशी करत बसले. पोरगी लालबुंद होऊन तशीच उभी! काकू ही गोष्ट सांगताना अजूनही रागावायच्या.

केतकी शिकायला कॅनडात गेली, तिथंच नोकरीला लागली आणि तिनं डॅन नावाचा मुलगा पसंत केला. काका रागावले नाहीत की रडले नाहीत. ते म्हणाले, "छान. चौकशी करू." आणि सुरू झाले. मुलाचे दात, मुलाच्या आजोबांचा दमा, मुलगा दिलेली वेळ पाळतो का. कुणाच्या तरी भाच्याला त्यांनी डॅनच्या घरासमोर गाडी लावून बसायला सांगितलं. थंडीत कुडकुडणाऱ्या त्या भाच्याला शेवटी डॅननंच आत बोलावून कॉफी पाजली. केतकीला हे कळलं तेव्हा तिचा फोन आला. "तुमची चौकशी संपेपर्यंत आमची मुलं कॉलेजात जातील, बाबा. आय ॲम डन." पुढच्याच महिन्यात त्यांनी नोंदणी करून लग्न केलं आणि काकूंना फोटो पाठवला. फक्त काकूंना.

त्यानंतर दोन वर्षं केतकी व्हिडिओ कॉल करायची तो आईला. काका फोनच्या चौकटीबाहेर उभे राहून आधीच कोरडी झालेली ताटं पुसत राहायचे. एकदा मला म्हणाले, "चौकशीचा निकाल आला होता गं. मुलगा उत्तम आहे, असाच आला होता. फक्त सांगायचं राहिलं." मला त्यांचा इतका राग आला आणि इतकं वाईट वाटलं की मी चहा अर्धा टाकून उठले.

आणि मग एका शुक्रवारी, मी तिथं सतरंजीवर बसलेली असताना, केतकी फोनवर म्हणाली, "आई, बाबांना दे." काकांच्या हातातलं ताट पडलं. निरोप डॅनच्या वडिलांचा होता. त्यांच्या घराण्यात नोव्हेंबरात हरणाची शिकार असते. घरात नवं नातं जुळलं की त्या माणसाला एकदा तरी रानात बरोबर नेतात, आणि तोपर्यंत ते नातं पक्कं धरत नाहीत. तर व्याही या नात्यानं काकांनी यावं आणि कुठल्या कॅलिबरची रायफल हवी ते ऑक्टोबर संपायच्या आत कळवावं. केतकी म्हणाली, "बाबा, मला तुम्ही यायला हवे आहात. जस्ट पिक वन. प्लीज." काकांनी मान हलवली आणि तोंडातून निघायचं तेच निघालं. "चौकशी करून सांगतो."

फोन ठेवल्यावर काकू शांतपणे म्हणाल्या, "अहो, लग्न घालवलंत. आता हेही चौकशीत घालवलंत, तर मी एकटी जाईन आणि तिकडेच राहीन." काकूंना असं बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

आता या माणसानं जन्मात अंडं खाल्लेलं नाही. घरात झुरळ निघालं तर ते कागदावर घेऊन जिन्यात सोडून यायचे, आणि कागद कुठला घ्यावा यात झुरळ निसटायचं. मी विचारलं, "काका, तुम्ही हरीण मारणार?" ते माझ्याकडे दुखावल्यासारखं बघत म्हणाले, "छे छे! मारायचं नाहीच आहे गं. पण निवड चुकायला नको. मुलीच्या सासरी आपलं हसू व्हायला नको."

मग आमच्या कानांवर आकडे पडू लागले. दोनशे त्रेचाळीस, दोनशे सत्तर, तीनशे आठ, तीस-शून्य-सहा. गोळीच्या जाडीचे हे आकडे काकांना आठवडाभरात पाढ्यांसारखे पाठ झाले. दोनशे त्रेचाळीसची गोळी हलकी आणि खांद्याला प्रेमळ, पण मोठ्या हरणाला ती पुरते का यावरून जाणकारांची हमरीतुमरी. तीस-शून्य-सहा कशालाही पुरून उरते, पण तिचा धक्का जबर. दोनशे सत्तर लांबवर सरळ जाते. पण रान दाट असेल तर लांबवर दिसणार काय? आणि तीनशे आठबद्दल वाईट बोलणारा कुणी सापडत नव्हता, म्हणून काकांना तिचाच सर्वांत जास्त संशय.

काकूंना धास्ती वेगळीच. परक्या देशात फोनवर बंदूक बंदूक करत सुटलात तर इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, रद्द होऊन परवा विमानात बसाल, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी घरात कायदा केला की बंदुकीला शेवग्याची शेंग म्हणायचं. त्यामुळे काका बकाल्यात उभे राहून फोनवर बोलायचे ते असं: "नाही, तीनशे आठची शेंग चांगलीच, पण दोनशे सत्तरची जास्त लांब जाते म्हणे. आणि खांद्याला कमी लागते." बकालावाला आपल्या टोपलीतल्या शेंगांकडे बघत राहायचा. पुढे काका आले की तो शेवगा आत नेऊन ठेवू लागला.

फहाहीलला शिकारीचं आणि वाळवंटातल्या तंबूंचं सामान विकणारं एक दुकान आहे. तिथं काउंटरवर संगमेश्वरकडचे परकारभाई. एका रजेच्या दिवशी काका मला तिकडे ओढत घेऊन गेले. परकारभाईंनी सगळं ऐकून घेतलं, आम्हाला लिंबू सरबत पाजलं आणि म्हणाले, "अवो काका, कुवेतात हरीण कुठलं? उंट हाय, तो पण मालकाचा."

"हरीण कॅनडात आहे हो. तुमच्या घरी शिकार करायचे ना कुणी? त्यांचा अनुभव काय?"

"आमच्या आजोबांची ठासणीची बंदूक होती. डुकरावर घालायचे."

काका पुढे सरकले. "कॅलिबर?"

"कॅलिबर कसलं? जेवढा खिळा मावंल तेवढा." परकारभाईंनी रिकामे ग्लास बाजूला सारले. "एकदा खिळे नव्हते तर आजीच्या कुलपाची किल्ली भरली. डुक्कर गेलं पळून. आजीचा पेटारा शेवटी कुऱ्हाडीनं फोडला."

परतीच्या वाटेवर काकांनी बोटांवर हिशोब केला. मग म्हणाले, "म्हणजे किल्ली नको, एवढं नक्की झालं."

ऑक्टोबर सरत आला. केतकीचा मेसेज आला, 'बाबा??' नुसती दोन प्रश्नचिन्हं. काकू बॅग काढून आपलेच कपडे भरू लागल्या. काकांची झोप उडाली होती, पण निर्णय काही होईना, कारण धक्क्याचा प्रश्न प्रत्यक्ष अनुभवाशिवाय सुटत नाही, असं त्यांचं ठाम मत झालं होतं. तेव्हा त्यांनी गच्चीवर कपड्यांच्या लोखंडी दांडीला दोर बांधून बासमतीची छोटी गोणी टांगली. ती मी मागे ओढून सोडायची आणि काकांनी लाटणं रायफलसारखं धरून खांद्यावर धक्का घ्यायचा. छोटी गोणी म्हणजे दोनशे त्रेचाळीस. ती त्यांनी हसत झेलली. "आता मोठी लाव," ते म्हणाले. मी नको नको म्हणत होते. मोठी गोणी आली ती थेट खांद्यावर, आणि काका लाटण्यासकट पाण्याच्या टाकीला जाऊन आदळले.

नेमका त्याच वेळी बिल्डिंगचा हारिस, म्हणजे आमचा इजिप्शियन रखवालदार, टाकी बघायला वर आला. म्हातारा आडवा, मी गोणी धरून उभी, सगळीकडे तांदूळ. "सिस्टर," तो कळवळून म्हणाला, "बाबा ने क्या किया?" मी म्हटलं, "हरीण." तो जिन्यात शिरला तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

एक्स-रेला काकांना त्यांच्याच मशीनसमोर उभं केलं. त्यांचा ज्युनियर काचेमागून ओरडला, "खुद नफस! ला तितहर्रक!" काका हलले. कोन चुकलाय म्हणून सांगायला ते वळले होते. फोटो परत काढावा लागला. हाड शाबूत होतं, नुसता मुका मार. तिथंच, खांदा बांधलेल्या अवस्थेत, त्यांनी डाव्या हातानं केतकीला लिहिलं: दोनशे त्रेचाळीस. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मुदतीच्या आत काही ठरवलं होतं. मी त्यांना टाळी दिली, ती दुखऱ्या हातावर.

केतकीचं उत्तर लगेच आलं. व्याह्यांकडे पाहुण्यांसाठी रायफल एकच होती, त्यांच्या वडिलांची जुनी, आणि ती निराळ्याच कॅलिबरची होती. विचारलं होतं ते रीत म्हणून. घरात फक्त चहा असताना आपण नाही का विचारत, चहा घेणार की कॉफी, तसं. मला वाटलं, आता काका कोसळणार. पण ते समाधानानं म्हणाले, "असू दे. विचारलं ना. माणसं चांगली आहेत."

तिकडे जे घडलं ते काका परत आल्यावर मी त्या सतरंजीवर बसून ऐकलं. पहाटे ते झाडावरच्या मचाणात बसले. भगव्या जाकिटात काका, शेजारी व्याहीबुवा, मागे केतकी, दुभाषी म्हणून. बाप-लेक विमानतळापासून जेवढ्यास तेवढंच बोलली होती. बऱ्याच वेळानं खाली हरीण आलं आणि बरोबर समोर आडवं उभं राहिलं. व्याहीबुवांनी रायफल काकांच्या हाती दिली, खांद्याला नीट टेकवली आणि हलकेच म्हणाले, श्वास घे, धरून ठेव.

"अगं, पेशंट समोर उभा," काका मला सांगत होते. "कडेनं पूर्ण छाती. इतकी सुंदर पोझिशन मला कधी कुणी दिली नाही. आणि माझ्या तोंडून गेलं."

काय गेलं ते सांगायलाच नको. त्या कॅनडाच्या रानात, गोठलेल्या शांततेत, काका खणखणीत आवाजात ओरडले, "खुद नफस! ला तितहर्रक!"

आणि हरीण हललं नाही. कान टवकारून तसंच उभं राहिलं. काकांनी श्वास धरलेला, व्याहीबुवांनी धरलेला, सगळं रान थांबलेलं. रायफल चालवायचं काकांच्या डोक्यातही नव्हतं. पण पुढचा शब्द त्यांना आठवेना. चेहरा लाल व्हायला लागला.

तेव्हा मागून केतकीनं त्यांच्या दुखऱ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तनफ्फस, बाबा."

काकांनी श्वास सोडला. हरीण झाडीत गेलं. केतकी हसत होती की रडत होती हे काकांना सांगता येईना. पण घरी पोचेपर्यंत तिनं त्यांचा हात सोडला नाही. व्याहीबुवांना वाटलं, तो शिकारीचा मंत्र आहे. त्यांनी तो उतरवून घेतला.

पुढच्या हिवाळ्यात केतकी आणि डॅन कुवेतला येणार असं कळलं, त्याच संध्याकाळी काका सोफा घेऊन आले. पहिल्या दुकानात शिरले, समोर दिसला तो उचलला. कसलीही चौकशी नाही. रंग शेवाळी, एक पाय आखूड, बसलं की मध्ये खड्डा आणि उठताना कण्हल्यासारखा आवाज. डॅन त्यावर बसला आणि त्याचे गुडघे हनुवटीला लागले. तरी तो म्हणाला, "व्हेरी नाइस." काका माझ्या कानात म्हणाले, "बघ. निकाल बरोबर होता."

काका निवृत्त झाले आणि दोघं कुवेत सोडून गेली. निघताना लिफ्टचं दार लागलं आणि काकांनी माझ्याकडे बघत गाल फुगवले. मी जिन्यानं धावत खाली गेले, पण मी पोचेपर्यंत टॅक्सीत सामान चढलं होतं. 'तनफ्फस' म्हणायचं राहूनच गेलं. त्यांच्यासारखं माणूस मला इथं पुन्हा मिळालं नाही.

सोफा ते मला देऊन गेले. त्यावर बसलं की माझी कंबर धरते. येणारे-जाणारे सांगतात, अगं, टाकून दे तो आणि दुसरा घे. मी म्हणते, चौकशी चालू आहे.